रजबच्या बाजूचा खळगा

माझ्या दुकानात कुणी फोमचं नाव काढलं तर मी त्याला चहा विचारत नाही, हे आमच्या गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. चार पिढ्या आम्ही कापूस पिंजतोय. महल्ला हे गिरण्यांचं शहर इथून बसने अर्ध्या तासावर. तिथल्या गिरण्यांत जातो तो लांब धाग्याचा कापूस आमच्याच शेतांतला, आणि ज्यांच्या बापांनी तो वेचला तीच माणसं आखातातून परतताना पंखा, टीव्ही आणि गुंडाळी केलेली फोमची गादी घेऊन येतात. पहिल्या वर्षी मिरवतात. दुसऱ्या वर्षी पाठीवर घामोळं घेऊन माझ्या दारात उभी राहतात. तेव्हाही मी चहा विचारत नाही.

म्हणून इन्शिराह येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "उस्ता, मला गादीत घालायला फोमचं एक पॅड करून द्या," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठल्या गादीत?" मी विचारलं.

"माझ्या लग्नातल्या. तुम्हीच केलेल्या."

"माझ्या गादीला काय धाड भरली?"

"गादीला नाही हो, माझ्या कमरेला. सकाळी उठते ती भिंत धरून. आमचे डॉक्टर म्हणतात, सपाट गादीवर नीज, नाहीतर केसपेपर लिहायला मला दुसरी बाई शोधावी लागेल."

ती सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायची. तिशी कधीच उलटली होती, पण अंगाने अजून काडी. बसतानाही तिने कमरेवर हात ठेवला होता, आणि तिथून तो हलला नाही.

"मग पिंजून घे," मी म्हणालो. "अकरा वर्षं झाली त्या गादीला. कापूस चार वर्षांनी पिंजावा लागतो, हे मी तेव्हाच तुझ्या आईला सांगितलं होतं. तुला दोनदा निरोप धाडला. सकाळी दारात बसतो, दुपारपर्यंत कोरी करकरीत करून देतो."

"पिंजायची नाही. उसवायचीसुद्धा नाही."

"का म्हणून?"

तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं. "रजबच्या बाजूला त्याचा खळगा आहे. तो मोडायचा नाही. त्या खळग्यात बरोब्बर बसेल असं काहीतरी करा. रात्री घालीन. तो आला की काढून ठेवीन, मग त्याची जागा त्याला."

रजब म्हणजे तिचा नवरा. गवंडी. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तो बगदादला कामाला गेला, गावातले निम्मे तरुण गेले तसा. त्याला आता नऊ वर्षं झाली. आधी पत्रं यायची, मग येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कॅसेटी यायच्या, आणि गेली चार वर्षं काहीच नाही. तिकडचं युद्ध थांबलं, बसा भरभरून माणसं परत आली, रजब आला नाही. त्याला मेलेला कुणी पाहिला नव्हता. जिवंत पाहिल्याचंही कुणी सांगत नव्हतं.

"तू खळग्यात झोपतेस कशाला?" मी म्हणालो. "तुझी बाजू आहे ना?"

"माझ्याच बाजूला झोपते मी. भिंतीकडे. पण झोपेत त्याच्याकडे घसरते. डोळे उघडतात तेव्हा त्याच्या खळग्यात असते." हे सांगताना ती थोडी लाजली. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाने बाई लाजते, हे पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"बघू," मी म्हणालो. आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेलो. दारातच रजबची आई, हाज्जा फकीहा, पाय पसरून बसली होती. या बाईच्या जिभेला गावातला इमामसुद्धा टरकून असतो.

"या, या, उस्ता बदावी," ती म्हणाली. "देशातला कापूस संपला वाटतं. फोम विकायला लागलात?"

"तुमच्या सुनेला विचारा, हाज्जा. मी माप घ्यायला आलोय."

"घ्या माप. पण त्या बाजूला बसायचं नाही. माझ्या पोराची जागा आहे ती. मी स्वतः कधी बसत नाही तिथे."

खोली लहान. लोखंडी पलंग, भिंतीवर लग्नाचा फोटो, त्यात रजब मान वाकवून उभा, कारण सरळ उभा राहिला असता तर डोकं फोटोबाहेर गेलं असतं. ताडमाड पोरगा. त्याच्यासाठी मी ती गादी नेहमीपेक्षा वीतभर लांब केली होती. इन्शिराहने चादर काढली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

खळगा मोजायची माझी रीत अशी. पलंगावर आडवी सरळ पट्टी टाकायची आणि तिच्यावरून खाली दाभण सोडायचा. कापसाला टेकला की अंगठ्याने तिथे धरायचं, मग जुन्या वर्तमानपत्रावर त्याच जागी किती बोटं खोल ते लिहायचं. पट्टी दोन बोटं पुढे सरकवायची, पुन्हा दाभण. असं डोक्यापासून पायापर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. इतकी वर्षं गाद्या उलटसुलट केल्यावर पिंजाऱ्याला गादी वाचता येते. कोण पाठीवर झोपतं, कोण कुशीवर, कुणाचा पाय दुखतो, कोणत्या घरात नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून झोपतात, सगळं दिसतं. आम्ही बोलत नाही, एवढंच.

अर्धं माप झालं असेल, आणि माझा अंगठा दाभणावरच थबकला. खांद्याचा खड्डा उथळ होता. खुब्याचा खोल, पण अरुंद. खाली मांड्यांची खूण सरळ जात नव्हती, वर वळली होती, गुडघे पोटाशी घेतल्यासारखी. आणि तिथेच संपत होती. ज्या माणसासाठी मी गादी वीतभर लांब केली, त्याचे पाय कुठेच नव्हते. मानेजवळ लिंबाएवढा एक वेगळाच खड्डा होता, तो कशाचा ते मला कळेना. पण बाकी सगळं कळलं. भिंतीकडची बाजू, जिला ती स्वतःची म्हणत होती, ती पाहिली. सपाट. तिथे वर्षानुवर्षं कुणी घटकाभरही झोपलेलं नव्हतं.

तो खळगा रजबचा नव्हता. तिचाच होता.

कापूस कुणाला धरून ठेवत नाही. त्यावर रोज येऊन पडावं लागतं. रजबचा खळगा होता, नक्की होता, पण दोन वर्षांच्या झोपेचा खळगा तो किती असणार? तो एक-दोन हिवाळ्यांतच वर आला असेल. मग रोज रात्री ती तिथे येऊन पडली, आणि कापूस तिचा झाला.

"मोठा आहे ना?" दारातून तिने विचारलं. "त्याचा खांदा कळतो ना, उस्ता?"

मी पट्टी उचलली. "कळतो," मी म्हणालो.

खोटं का बोललो, त्याचं कारण मला माझ्या घरी गेल्याशिवाय सापडणार नव्हतं, आणि घरी तर मी रोजच जातो. माझी बायको दौलत सहा वर्षांपूर्वी गेली. चाळिसाव्या दिवशी पाहुणे गेले, घर धुऊन झालं, आणि माझ्या हातांना काही काम राहिलं नाही. मी आमची गादी अंगणात काढली, उसवली आणि पिंजली. दुसरं कारण काही नाही. चार वर्षं झाली होती, पिंजायची वेळ झाली होती, आणि हात पिंजाऱ्याचे. एका सकाळीत मी तिचा खांदा, तिचा खुबा, तिची पाठ उडवून दिली. त्या रात्री त्या फुगीर, सपाट गादीवर पडलो तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसलोय. दुसऱ्या कुणाही माणसाकडून ही चूक झाली नसती. न्हाव्याची, शिक्षकाची बायको गेली तर गादी आपली तशीच राहते.

तर अशा माणसाने त्या पोरीला काय सांगायचं होतं?

पॅड करायचं ठरलं. फोम आणायला टांटा शहरात गेलो. दुकानदार सब्री मला ओळखतो. मला दारात बघून त्याने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "उस्ता बदावी! मी जागा आहे ना?"

"बोलू नकोस. माल दाखव."

"मऊ हवा का कडक?"

"मला काय माहीत, मऊ का कडक! खळगा भरायचाय."

"मग मऊ घ्या, भरतो."

मऊ घेतला. एक जाड तुकडा, खळग्याच्या आकाराचा कापला, खोळ घातली. इन्शिराह त्यावर झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आली. नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मऊ फोम तिच्या वजनाने चपटा झाला होता आणि खळगा होता तिथेच होता. पुन्हा टांटा. या वेळी कडक फोम. वरून सपाट, खालून सपाट, कापायला सोपा. हाज्जा फकीहाने त्यावर हाताने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "उस्ता, ही होडी कुणासाठी केलीत?" खरंच होडीसारखा डुलत होता तो. खळगा खाली गोल आणि माझा तुकडा चौकोनी. सूनबाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. फोमसारख्या भिकारड्या वस्तूने मला हरवावं? दुकान दोन दिवस बंद ठेवलं. बोटभर जाडीचे कडक फोमचे पत्रे आणले. माझं वर्तमानपत्र उघडलं आणि खोलीनुसार एकेक आकार काढला. एक बोट खोल आहे तिथपर्यंत सगळ्यात मोठा, दोन बोटं खोल तिथे त्याहून लहान, तीन बोटांचा आणखी लहान, असे सात. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या लांब सुरीने ते कापले. चपला शिवणाऱ्याकडून सोल्युशन आणून एकावर एक चिकटवले, पायऱ्यांसारखे, आणि सुकल्यावर त्या पायऱ्या सुरीने तासून गोल केल्या. वर अर्ध्या पलंगाएवढा एक सलग सपाट पत्रा, म्हणजे कडा अंगाला लागू नयेत. त्याच्यावर मऊ फोमचा पातळ थर, कारण शेवटी झोपायचं आहे, नमाजाला उभं राहायचं नाही. चारी कोपऱ्यांना पलंगाला बांधायचे बंद. काढायचं असेल तेव्हा बंद सोडायचे, उचलायचं, खळगा जसाच्या तसा.

सगळं झाल्यावर सोल्युशन वाळावं म्हणून ते उलटं करून फळीवर ठेवलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर माझ्या दुकानात कुणीतरी झोपलं होतं.

जो खळगा होता तो आता उंचवटा झाला होता. खांदा, खुबा, पोटाशी घेतलेले गुडघे. एक बारीक बाई भिंतीकडे पाठ करून, अंग आवळून पडलेली. कुणाचीही जागा अडू नये अशी सवय जिने लावून घेतली आहे, तशी. मी घाईने त्यावर पोतं टाकलं. बाहेर मुलगी बघत असलेल्या घरचे लोक गादीचं विचारायला आले होते, त्यांना उद्या या म्हणालो.

आता प्रश्न खोळीचा. मी खालच्या बाजूला कापसाचा चांगला जाड थर घातला, म्हणजे वरून हात फिरवला तर आकार कळू नये. खोळ ढगळ शिवली. चौथी बाजू दाभणाने कायमची शिवून टाकली असती तर प्रश्नच मिटला असता. पण तिने सांगितलं होतं, उस्ता, धुता आली पाहिजे हं, दवाखान्यात काम करते मी. आणि न धुता येणारी खोळ देणं म्हणजे वाईट काम. आजवर मी वाईट काम केलेलं नाही. दाभण हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मग तो ठेवला आणि चेन लावली. ते मी चांगल्या कारागिरासारखं केलं की तिला सांगायची हिंमत नव्हती म्हणून ते काम चेनवर सोडलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

पॅड बसलं. असं बसलं की हाज्जालासुद्धा टोमणा सुचेना. इन्शिराहने दोनदा बंद सोडून ते उचललं, खाली खळगा आहे ना हे पाहिलं, पुन्हा बसवलं. आठवड्याने तिने फतीर, म्हणजे तुपाची गरम पदराची रोटी, आणि मध पाठवला. पंधरा दिवसांनी मी दवाखान्यात खोकल्याचं औषध आणायला गेलो, तर ती ताठ बसून केसपेपर लिहीत होती. "उस्ता, आता भिंत धरावी लागत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आणि रात्री घसरतही नाही. त्याच्या बाजूलाच झोपते. त्याच्यावरच झोपल्यासारखं वाटतं." रांगेतल्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. मीही हसलो. औषध घेतलं आणि घरी आलो, आणि मला जेवण गेलं नाही.

रमजान संपत आला. ईदच्या आधी आमच्याकडे घरातलं कापड ना कापड धुतात, गल्ल्यांतून नुसते साबणाचे ओहोळ वाहतात. सत्ताविसाव्या रोज्याला सकाळी ती दुकानात आली. काखेत पॅड, खोळीशिवाय. तिने माझी फळी रिकामी केली, म्हणजे माझा सुतळीचा गुंडा आणि कात्री सरळ जमिनीवर ठेवली, आणि पॅड त्यावर उलटं ठेवलं.

"हा कोण आहे?" तिने विचारलं.

मी जमिनीवरची कात्री उचलली.

"उस्ता, मी विचारतेय. हा रजब आहे का? हा रजबचा खांदा?" तिने त्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे काय आहे, माहीतेय?" मानेजवळ लिंबाएवढा उंचवटा होता, जो मी मापाप्रमाणे इमानदारीने उतरवला होता. "ही माझी मूठ. हनुवटीखाली मूठ घेऊन झोपते मी, लहानपणापासून. रजब चिडवायचा, म्हणायचा, झोपेत कुणाला ठोसा मारणार आहेस?"

"बस, पोरी."

"नाही बसायचं मला. तुम्हाला माहीत होतं."

"माप घेतलं त्याच दिवशी कळलं."

"मी विचारलं होतं तुम्हाला. खांदा कळतो ना, असं विचारलं होतं मी."

"विचारलं होतंस."

"आणि तुम्ही कळतो म्हणालात."

"खांदा कळत होताच," मी म्हणालो. "कुणाचा ते बोललो नाही." हे बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

ती त्या फोमकडे बघत राहिली. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी दिलं असतं, दरवाजा लोटला असता. पण रोज्याच्या दिवशी पाणीही देता येईना.

"म्हणजे त्याचा खळगा होताच," ती हळू आवाजात म्हणाली. "तो गेला तेव्हा होता. मी हात फिरवून पाहायची. एवढा लांब. मला वाटायचं मी झोपेत त्याच्याकडे जाते. मी जाऊन जाऊन त्याला पुसत होते, उस्ता. नऊ वर्षं. रोज थोडं थोडं. मी भिंतीकडेच पडून राहिले असते तर तो राहिला असता."

"राहिला नसता. कापूस आपोआप वर येतो."

"थोडा तरी राहिला असता."

"तसूभरही नाही. मी पिंजारी आहे, मला विचार." आणि मग जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. चाळिसावा दिवस, अंगण, माझं पिंजण, दौलतची पाठ. "तू प्रेमाने पुसलंस. मी तर हातांना काम नव्हतं म्हणून पुसलं. एका सकाळीत. तुझ्याजवळ निदान नऊ वर्षं खळगा तरी होता."

"माझाच," ती म्हणाली.

"तुझाच. पण तू त्यात एकटी नव्हतीस ना?"

 तिने रुमाल सारखा केला. "ईदच्या दुसऱ्या दिवशी या. पिंजण घेऊन."

"आणि हे?"

"फाडून उशीत भरा."

"फोमच्या उश्या मी करत नाही," मी म्हणालो, आणि तिला हसू आलं. अगदी जरासं, पण आलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दारात चटई अंथरली. हाज्जा फकीहाला काही सांगितलेलं नव्हतं. गादी बाहेर येताना पाहिली आणि ती उठून उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"माझा पोरगा जिवंत आहे," ती ओरडली. "तो जिवंत आहे आणि तुम्ही त्याची जागा उपसताय! तुला नवा नवरा हवाय का गं? सांग की तसं! एवढं नाटक कशाला?"

गल्लीतली दारं उघडली. इन्शिराह आत गेली आणि पॅड घेऊन आली. माझ्याकडून ते तिने आदल्या दिवशी परत नेलं होतं, तेव्हा मी विचारलं नव्हतं कशाला. तिने ते सासूसमोर चटईवर ठेवलं.

"अम्मा, बघ. त्या खळग्याचं माप आहे हे. उस्तांनी घेतलंय. हा तुझा रजब आहे का?"

म्हातारी खाली बसली. तिने खांद्यावर हात ठेवला, तिथून खुब्यापर्यंत नेला, गुडघ्यांवरून फिरवला, आणि पाय शोधायला आणखी पुढे गेली. पुढे फळीसारखा सपाट फोम होता. तिचा हात तिथेच राहिला. नऊ वर्षं ती कुणालाही त्या बाजूला बसू देत नव्हती, आणि त्या बाजूला रोज कोण झोपत होतं हे तिने आज पाहिलं.

"माझा इतका लहान सातवीत होता," शेवटी ती म्हणाली. आणि बाजूला सरकली.

मी गादी उसवली. कापूस दगडासारखा बसला होता, गाठी गाठी झालेल्या. पिंजणाचं धनुष्य खांद्याला लावलं, तातीची दोरी ताणली आणि लाकडी ठोकळा मारला. तो आवाज ऐकला की आमच्याकडे आधी एकच गोष्ट मनात येते. कुठल्या घरासमोर पिंजण वाजलं की त्या घरात लग्न असणार. गल्लीच्या टोकाला डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली कुणी परगावची बाई चालली होती. तिने आवाज ऐकला, उडणारा कापूस पाहिला, आणि रीतीप्रमाणे जीभ हलवून अशी लांब किलकारी मारली की कबुतरं उडाली.

"मुबारक असो!" ती ओरडली. "नवरी कोण?"

 माझा ठोकळा हवेतच राहिला. इन्शिराह खाली बघत होती. तिच्या केसांत, पापण्यांवर कापूस बसला होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी ती नवरीसारखीच दिसत होती.

"माझी सून आहे," हाज्जा फकीहा म्हणाली. "तिची कमर दुखते. जा आपल्या वाटेने." पण ओरडली नाही. आणि मग स्वतः चटईवर येऊन बसली आणि गाठी सोडवून माझ्याकडे सरकवू लागली. दुपारपर्यंत तशीच बसली.

खोळ भरली, टाके घातले, कडा शिवल्या. गादी दुप्पट फुगली. दोघा शेजाऱ्यांनी ती आत नेऊन पलंगावर टाकली. इन्शिराहने चादर घातली, सुरकुत्या काढल्या, आणि मग पलंगासमोर नुसती उभी राहिली. या कडेपासून त्या कडेपर्यंत गादी एकसारखी होती. कुठे कुणी झोपल्याची खूण नव्हती.

"उस्ता," ती म्हणाली, "आता मी कुठल्या बाजूला निजू?"

 सहा वर्षं मी रोज रात्री माझ्या पलंगासमोर तसाच उभा राहतो. कधी या कडेला पडतो, कधी त्या कडेला, आणि कुठेही पडलो तरी दुसऱ्याच्या जागेत पडल्यासारखं वाटतं. तिला मी काय सांगणार होतो? मी हत्यारं गोळा करत राहिलो.

उत्तर दारातून आलं. हाज्जा फकीहा चौकट धरून उभी होती. नेहमी टोमणा मारायला उघडणारं तिचं तोंड एकदा उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मधोमध नीज," ती म्हणाली. "ऐसपैस. पाय लांब करून. तो आला, तर म्हणेल की, सरक."

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि चटईवर उरलेला कापूस मुठी-मुठीने गोळा करत बसली.